न मागितलेला सल्ला आणि ताराबाईंचं उत्तर



सल्ला ही आपल्याकडे फुकट मिळणारी वस्तू आहे, आणि बाईला ती सगळ्यात जास्त मिळते. कसं बसावं, किती बोलावं, कुणासमोर हसावं, सगळं सांगायला लोक तयार. विचारलं नसलं तरी. हा सल्ला घरातून वर्तमानपत्रात आणि सभेत गेला, की त्याचं काय होतं? आज बुलढाण्याच्या एका बाईची गोष्ट सांगते. गोष्ट जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीची आहे.

१८८१ साली सुरत भागातल्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर खटला चालला. विधवेला दुसरं लग्न करायची समाजाची परवानगी नव्हती. तिला दिवस गेले, आणि लोकलाजेपायी तिनं जन्मलेलं मूल मारलं. कोर्टानं फाशी सुनावली. पुढे अपिलात फाशी टळली आणि काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गुन्हा गंभीर होताच. पण त्या मुलाचा बाप कोण, तो कुठं आहे, हे विचारायची गरज फारशा कुणाला वाटली नाही.

वर्तमानपत्रांत चर्चा मात्र खूप झाली. कायदा काय म्हणतो, विधवांना लग्न करू द्यावं की नाही, असे मोठे प्रश्न त्यात होते. पण बघता बघता चर्चेची गाडी घसरली. एका बाईच्या खटल्यावरून सगळ्या बायकांच्या चालचलणुकीवर बोट ठेवलं गेलं. ‘पुणे वैभव’ या पत्रात बायका कशा बिघडल्या आहेत यावर लिहून आलं. लिहिणारे पुरुष, वाचणारेही बहुतेक पुरुषच, आणि उपदेश मात्र बायकांना! ज्यांच्याविषयी हे चाललं होतं, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्या लिखाणाला उत्तर दिलं ताराबाई शिंदे यांनी. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी जोडलेले होते. लेकीला त्यांनी घरीच शिकवलं. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ताराबाईंचं ‘स्त्री पुरुष तुलना’ हे पुस्तक छापलं गेलं. प्रती होत्या ५०० आणि किंमत नऊ आणे.

पुस्तकाची रीत अगदी साधी आहे. बायकांवर जे जे दोष टाकले जातात, ते एकेक हातात घ्यायचे आणि पुरुषांच्या दोषांशेजारी ठेवून बघायचे. बायको मेली की नवरा दुसरी आणतो, मग नवरा मेला की बायकोनं जन्मभर का झुरायचं? विधवेला नादी लावणारा पुरुष मोकळा सुटतो, मग बदनामी एकट्या तिचीच का? साहेबाचं बघून तुम्ही पोशाख बदलला, खाणं बदललं, तरी धर्म सांभाळायचं ओझं बाईच्याच डोक्यावर का? नुसती भाषणं देणाऱ्या सुधारकांनाही त्यांनी सोडलं नाही.

ताराबाईंची भाषा मवाळ नव्हती. ती चुलीजवळची, पाणवठ्यावरची रोखठोक बोली आहे. आपण कठोर लिहिलंय, हे त्यांनाही ठाऊक होतं. मग त्यांनीही सभ्यता सोडली, असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. शब्द तिखट असणं वेगळं आणि समोरच्याला बोलूच न देणं वेगळं. ताराबाईंनी कुणाचं तोंड बंद केलं नाही. आरोप घेतला, त्याची कारणं मांडली, उलट प्रश्न विचारला. यालाच तर वाद म्हणतात.

त्यांच्या वाट्याला मात्र उत्तरं आली नाहीत, कुचेष्टा आली. सत्यशोधकांच्या वर्तुळातल्याही काहींना त्यांचं बोलणं झेपलं नाही. १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात जोतीरावांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि टीकाकारांना खडसावलं. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आपल्यापर्यंत आलेलं नाही. होतं तेही विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून काढलं. म्हणजे मध्ये ९३ वर्षं गेली! तेवढ्या काळात आपल्या किती आज्या-पणज्यांना हे पुस्तक मिळालं असतं, आणि त्यातल्या किती जणींनी स्वतः लिहिलं असतं?

मैत्रिणींनो, चर्चेतली सभ्यता गेली की नुसती कुणाची मनं दुखावतात असं नाही. एक आवाज कायमचा गप्प होतो, आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखं जे होतं, ते सगळ्या गावाचं नुकसान होतं.

आज महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असा नियम आहे. तरीही एखादी पाण्याच्या टाकीचा हिशेब विचारायला उठली, की हिशेब बाजूला राहतो आणि सल्ला सुरू होतो. “ताई, जरा नीट बोला.” “आधी घरच्यांना विचारून या.” निवडणूक जवळ आली की तर बोलणं तिच्या पदरापर्यंत आणि माहेरापर्यंत जातं. प्रश्न होता टाकीचा!

हे आपणही करतो, बरं का. बचत गटात एखादीचा हप्ता थकला, की हप्त्याचं बोलायचं सोडून तिनं संसार कसा करावा हे सांगायला आपण चौघी पुढे होतो. ‘पुणे वैभव’नं तरी दुसरं काय केलं होतं?

म्हणून बैठकीत एक साधी सवय लावून बघा. कुणी प्रश्न विचारला, तर आधी त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. सल्ला द्यावासा वाटला, तर “सांगू का?” असं विचारायचं. ती नको म्हणाली, तर तो आपल्यापाशीच ठेवायचा. आणि एखादी चिडून बोलली, तर तिचा आवाज किती चढला यापेक्षा ती काय म्हणाली, ते वहीत लिहून घ्यायचं.