ढेपेबरोबर गेलेले द्रव्य: वऱ्हाडचे सोयाबीन आणि वनस्पतिजन्य इस्ट्रोजेने

वऱ्हाडचा मुलूख 1853 साली निजामाकडून ब्रिटिशांच्या कारभारात आला, 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरला इथल्या कापसाची गरज भासली आणि त्याच दशकात लोहमार्ग आला, तेव्हापासून अमरावती व अकोल्याच्या काळ्या जमिनीचा व्यवहार दूरच्या बाजाराशी बांधला गेला. तरीही घरची चूल बराच काळ घरच्याच पिकांवर चालली: भाकरीला ज्वारी, वरणाला तूर, उसळीला मूग-उडीद आणि तेलाला जवस, तीळ, करडई. सोयाबीनचे या मुलखातले आगमन या दुहेरी व्यवस्थेच्या पार्श्वभूमीवर पाहिले, तरच त्यातल्या ‘वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनां’विषयी आज चाललेल्या चर्चेचा नीट उलगडा होतो. मानवी स्त्रीसंप्रेरकाशी रचनेने साम्य असलेली आणि शरीरात त्याच्याच ग्राहकांना, म्हणजे पेशींतल्या संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांना, चिकटू शकणारी वनस्पतींतील द्रव्ये या नावाने ओळखली जातात. सोयाबीनमधील जेनिस्टीन व डेडझीन ही त्यांतली प्रमुख असून त्यांच्या गटाला आयसोफ्लेवोन म्हणतात.

विदर्भात सोयाबीनची पहिली गंभीर चर्चा अन्न म्हणूनच झाली. वर्ध्याच्या मगनवाडीत मुक्काम असताना महात्मा गांधींनी 1935 साली ‘हरिजन’मधून या स्वस्त प्रथिनाकडे वाचकांचे लक्ष वेधले, आणि पुढच्याच वर्षी बडोदे संस्थानाच्या छापखान्यातून एफ. एस. काळे यांचे सोयाबीनवरचे पुस्तक निघाले, ज्यात लागवडीबरोबरच तीनशे पाककृती दिलेल्या होत्या. ही वाट पुढे फारशी चालली गेली नाही, आणि तिचे मोल आजच्या अभ्यासकांनीही पुरेसे ओळखलेले नाही.

जे सोयाबीन प्रत्यक्षात पसरले ते वेगळ्या मार्गाने आले. 1960 च्या दशकात जबलपूर व पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी इलिनॉय विद्यापीठाच्या साह्याने अमेरिकी वाण तपासले, 1967 साली अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला आणि माळव्यात तेल काढणारे कारखाने उभे राहिले. 1986 च्या तेलबिया अभियानाने त्याला बळ दिले. वऱ्हाडात हे पीक माळव्याकडून उतरले ते कमी दिवसांत येणारे, रब्बीच्या हरभऱ्याला रान मोकळे करून देणारे आणि हातात लगेच पैसा देणारे म्हणून. ज्वारी, मूग, उडीद आणि कपाशीचाही काही भाग त्याने व्यापला. अकोल्यात 1969 साली स्थापन झालेल्या, डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव असलेल्या कृषी विद्यापीठाच्या अमरावती केंद्रातून ‘एएमएस’ या अक्षरांनी ओळखले जाणारे वाण निघाले. ज्वारी मागे हटली तशी भाकरीची जागा पोळीने घेतली. नव्या पिकाने मात्र ताटात तेलापलीकडे फारसे काही घातले नाही.

या वास्तवाचा आयसोफ्लेवोनशी थेट संबंध आहे. सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम पाचवा हिस्सा असते. उरलेला बहुतेक भाग ढेप म्हणून निघतो, आणि आयसोफ्लेवोन तेलात न उतरता प्रथिनांबरोबर ढेपेतच राहतात, त्यामुळे शुद्ध केलेल्या सोयाबीन तेलात ते जवळजवळ नसतात. ढेप कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशी जाते. म्हणजे ज्या शेतकऱ्याने हे पीक काढले, त्याच्या स्वयंपाकघरात या पिकाचे तेल परत येते, पण ज्या द्रव्याची भीती वा स्तुती केली जाते ते नाही. ढेपेच्याच पिठापासून बनणारी सोयावडी याला अपवाद आहे.

या द्रव्यांच्या परिणामांचा शोध ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांपासून सुरू झाला. 1940 च्या दशकात तिथल्या पश्चिम भागात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या आणि त्याचे कारण गवतातल्या आयसोफ्लेवोनमध्ये सापडले. सोयाबीनविषयीच्या भीतीचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. पण मेंढी दिवसभर तेच गवत खाते आणि तिच्या पोटातली पचनक्रियाही निराळी असते, ही बाब भीतीबरोबर प्रवास करत नाही. 1996 साली इस्ट्रोजेनचा ‘बीटा’ नावाचा दुसरा ग्राहक उजेडात आला आणि सोयाबीनची द्रव्ये मुख्यतः त्यालाच चिकटतात असे दिसल्यावर त्यांना स्त्रीसंप्रेरकाची निव्वळ नक्कल मानणे अयोग्य ठरले. पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन सोयाबीनने घटते हा गावोगाव ऐकू येणारा समज मानवी चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणांत टिकलेला नाही. शांघायमध्ये स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या पाच हजारांवर स्त्रियांच्या 2009 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सोयाबीन अधिक खाणाऱ्यांत रोग उलटण्याचे प्रमाण कमी आढळले. दुसऱ्या बाजूला, सोयाबीनच्या प्रथिनाने हृदयविकाराचा धोका घटतो असा जो दावा अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने 1999 साली मान्य केला होता, तो पुरावा पुरेसा भक्कम नाही म्हणून मागे घेण्याचा प्रस्ताव त्याच संस्थेने 2017 साली मांडला. ऋतुनिवृत्तीतील अंगाच्या लाहीवर मिळणारा आराम खरा, पण माफक आहे. आणि थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी ती सोयाबीनच्या पदार्थाबरोबर घेतल्यास तिचे शोषण घटू शकते, हे मात्र पक्के आहे.

वऱ्हाडच्या इतिहासात या चर्चेपेक्षा महत्त्वाची गोष्ट जवसाची आहे. ब्रिटिश अमदानीत या भागातले जवस मुंबई बंदरातून युरोपातल्या रंग-वार्निशाच्या धंद्याकडे जात होते, आणि घरात त्याचे तेल फोडणीला व भाजलेले बी चटणीला लागत होते. लिग्नान नावाची वनस्पतिजन्य इस्ट्रोजेने ज्ञात अन्नांत सर्वाधिक जवसात असतात. आतड्यातले जिवाणू त्यांचे एंटेरोलॅक्टोनमध्ये रूपांतर करतात, जसे काही माणसांच्या आतड्यात डेडझीनपासून इक्वोल बनते. लिग्नानही तेलात न जाता बियांच्या चोथ्यात राहतात, म्हणून ते मिळत होते ते चटणीतून. म्हणजे सोयाबीन येण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या या मुलखातली माणसे अशी द्रव्ये खात आली होती, आणि त्याविषयी कुणाला शंका घेण्याचे कारण पडले नव्हते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या नागपूर केंद्राने ‘एनएल’ मालिकेचे जवसाचे वाण दिले, तरी रानातले जवस आटत गेले.

सोयाबीन खाद्य म्हणून वापरायचे तर त्याला उष्णता द्यावी लागते, कारण कच्च्या दाण्यातले ट्रिप्सिन-रोधक द्रव्य प्रथिनांचे पचन अडवते. भिजवून उकळलेले दाणे वाळवून गव्हात मिसळण्याची शिफारस त्यासाठीच केली जाते. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने या द्रव्याचा प्रमुख प्रकार ज्यात नाही असा ‘एनआरसी 127’ हा वाणही विकसित केला आहे. पण वऱ्हाडच्या बाजार समित्यांत सोयाबीनचा भाव ठरतो तो ओलावा, काडीकचरा आणि डागी दाणे पाहून. सरकारी खरेदीची मर्यादा 12 टक्के ओलाव्याची होती, ती 2024 च्या हंगामापुरती 15 टक्के करण्यात आली, आणि प्रथिने किती, कोणती, याची तपासणी त्या मोजमापात कुठेच येत नाही.