१५०० गिन्यांचा करार

उक्तें काम देणारा व उक्तें काम घेणारा हे दोघेही करार ठरतो त्या दिवशीं मोठ्या समाधानांत असतात. गृहस्थास वाटतें, आतां खर्चाची काळजी मिटली. गवंड्यास वाटतें, आतां रोजच्या हजिरीचा जाच टळला. पण त्या घटकेला गृहस्थाच्या डोळ्यांपुढें एक घर असतें, गवंड्याच्या डोळ्यांपुढें दुसरें. आणि हीं दोन घरें एक नव्हेत, ही गोष्ट दोघांपैकीं कोणाच्याच लक्षांत आलेली नसते. भिंती उभ्या राहूं लागल्या म्हणजे ती येते. मग "हें तर ठरलेंच होतें" असें एक म्हणतो, "याचें नांवही निघालें नव्हतें" असें दुसरा म्हणतो, आणि दोघेही आपापल्या समजुतीप्रमाणें खरेंच बोलत असतात.

गवंडीकामांत निदान विटा मोजतां येतात. लेखनाच्या धंद्यांत तेंही साधन नाहीं. 'एक चांगला ग्रंथ लिहून द्या' या पांच शब्दांत किती काम सांठलेलें आहे हें मागणारास ठाऊक नसतें, आणि पुष्कळदां लिहिणारासही नसतें. मोल ठरतें, काम ठरत नाहीं. वाङ्मयाच्या इतिहासांत या प्रकारचें सर्वांत बोधप्रद उदाहरण आमच्या मतें डॉ. सॅम्युएल जॉन्सन याच्या इंग्रजी कोशाचें होय.

जॉन्सन हा महाराष्ट्रीय वाचकांस परका नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमालेंत त्याच्यावर विस्तृत निबंध लिहिला, आणि त्याची 'रासेलस' ही कथा कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री या पितापुत्रांच्या हातून मराठींत उतरली. परंतु आपण त्यास ओळखतों तें पंडित म्हणून, अगर संभाषणपटु म्हणून. ठरीव रकमेवर काम अंगावर घेणारा एक पोटार्थी लेखक, या नात्यानें त्याच्याकडे पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं. तो आज आणावा, असा आमचा विचार आहे.

इ. स. १७४६ मध्यें जॉन्सन छत्तीस वर्षांचा होता. बाप लिचफील्ड गांवचा पुस्तकविक्या. गरिबीमुळें ऑक्सफर्ड पदवीवांचून सोडावें लागलें. १७३७ मध्यें तो लंडनला आला व मासिकांत मजकूर लिहून कसाबसा उदरनिर्वाह करूं लागला. त्यास ना पगार होता, ना कोणा धनिकाचा आश्रय. अशा वेळीं रॉबर्ट डॉड्स्ली, अँड्र्यू मिलर, लाँगमन इत्यादि पुस्तकविक्यांच्या मंडळीनें इंग्रजी भाषेचा नवा कोश करवून घेण्याचें मनावर घेतलें, आणि १८ जून १७४६ रोजीं जॉन्सनशीं करार केला. रक्कम १५०० गिन्या, म्हणजे १५७५ पौंड. लेखनिकांचे पगार व कागदाचा खर्च यांतूनच भागवावयाचा. काम तीन वर्षांत पुरें होईल असा जॉन्सनचा अंदाज. फ्रेंच अकादमीच्या चाळीस पंडितांस त्यांच्या कोशाला चाळीस वर्षें लागलीं, असें एका मित्रानें सुचवितांच जॉन्सननें थट्टेनें हिशेब केला कीं, चाळीस गुणिलें चाळीस सोळाशें. तेव्हां एका इंग्रजाचें फ्रेंच माणसाशीं प्रमाण तीनास सोळाशें! विनोद उत्तम होता; अंदाज मात्र साफ चुकला. तीन वर्षांचीं जवळजवळ नऊ झालीं.

चूक कोठें झाली? आळस हें एक कारण आहेच. जॉन्सन स्वतःही आपल्या आळसाबद्दल आयुष्यभर स्वतःस दोष देत असे. पण मूळ कारण निराळें आहे. कोश म्हणजे काय हवें, हेंच नक्की नव्हतें. पुस्तकविक्यांस हवा होता खपणारा ग्रंथ: पूर्वीच्या बेलीच्या कोशाहून मोठा, आणि लौकर हातीं येणारा. सुशिक्षित समाजाची अपेक्षा याहून फार मोठी होती. इटालीमध्यें क्रुस्का अकादमीनें १६१२ त आपला कोश काढला होता, फ्रान्सचा १६९४ त निघाला. मग इंग्रजी भाषेसही कोणी तरी शिस्त लावावी, शब्दांचीं रूपें व अर्थ कायमचे ठरवून टाकावेत, अशी इच्छा सर्वत्र बोलून दाखविली जात होती. आणि खुद्द जॉन्सनच्या मनांत विद्वत्तेचें एक तिसरेंच चित्र होतें. एका शब्दाखालीं तीन कामें दडलीं होतीं, आणि मोल एकाचेंच झालें होतें.

जॉन्सननें ही अडचण ओळखली नाहीं असें मात्र नाहीं. १७४७ मध्यें त्यानें कोशाचा एक आराखडा छापून लॉर्ड चेस्टरफील्ड यास उद्देशून प्रसिद्ध केला. कोणते शब्द घ्यावे, परभाषेंतून आलेल्यांचें काय करावें, वर्णलेखन कसें असावें, उच्चार कसे दाखवावे, व्युत्पत्ति कितपत द्यावी, उताऱ्यांसाठीं कोणते ग्रंथकार प्रमाण मानावे, असे एकामागून एक प्रश्न त्यानें त्यांत मांडले आहेत. काम अंगावर घेतल्यानंतर तें काम काय आहे हें कागदावर उतरवून लोकांपुढें ठेवणें, ही शहाणपणाची गोष्ट होय. तथापि या आराखड्यांत दोन उणिवा राहिल्या. शब्द किती व उतारे किती, याची मर्यादा त्यांत नव्हती. आणि भाषा स्थिर करण्याची जी लोकांची आशा, ती त्यानें पुरती मोडून न काढतां बरीचशी उचलून धरली. ज्या गोष्टीची शक्यता आपणांस ठाऊक नाहीं तिला होकार देणें, हा उक्त्या कामांतील सर्वांत महाग पडणारा शब्द होय.

गफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर सहा लेखनिक बसवून काम सुरू झालें. जॉन्सन ग्रंथ वाची, हव्या त्या शब्दाखालीं रेघ ओढी व समासांत त्याचें आद्याक्षर लिही. लेखनिक तें वाक्य कागदाच्या तुकड्यावर उतरून घेत. प्रथम त्यानें अर्थांचे कप्पे आधीं पाडून त्यांत उतारे बसविण्याचा क्रम धरला होता. पण भाषा त्या कप्प्यांत मावेना. 'घेणें' या अर्थाचा 'टेक' हा साधा शब्द. त्याचे शंभरांहून अधिक अर्थ निघाले. केलेलें काम बाजूस ठेवून नव्या पद्धतीनें मांडणी करावी लागली. काम काय आहे हें कामानेंच त्यास शिकविलें. पण त्या शिकवणीचा खर्च कोणी द्यावयाचा, हें कोठेंच ठरलेलें नव्हतें. म्हणून तो त्यानें स्वतः दिला. तीन वर्षें संपलीं, कोश संपला नाहीं. १७५० च्या मार्चपासून त्यानें 'रॅम्ब्लर' हें आठवड्यांतून दोनदां निघणारें निबंधपत्र चालविलें. दर अंकास दोन गिन्या मिळत. दोन वर्षांत २०८ अंक निघाले. ते संपले त्याच महिन्यांत त्याची पत्नी वारली.

पुस्तकविक्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचे पैसे जात होते व हातीं ग्रंथ येत नव्हता. १७५१ च्या अखेरीस गोष्ट निकरावर आली. मुद्रक विल्यम स्ट्रॅहन याच्या मध्यस्थीनें निरोप गेला. त्यावर जॉन्सननें उत्तर पाठविलें कीं, पहिला भाग छापखान्यांत जाईपर्यंत आपण भागीदारांची भेट घेणार नाहीं. पत्राची भाषा वेढा पडलेल्या किल्लेदाराची आहे. असें असूनही संबंध तुटले नाहींत, याचें श्रेय दोन्ही पक्षांस आहे. मजकूर येत गेला, पैसे जात राहिले. एका मोठ्या, धूसर कामाचे असे लहान लहान, हातांत धरतां येण्याजोगे तुकडे पडले म्हणजे संशयास जागा कमी राहते, हें यावरून दिसून येतें.

१५ एप्रिल १७५५ रोजीं कोश प्रसिद्ध झाला. दोन प्रचंड भाग, बेचाळीस हजारांवर शब्द, लाखावर उतारे, किंमत साडेचार पौंड. शेवटचा मजकूर पोंचला तेव्हां, या माणसाच्या हातून सुटलों म्हणून मिलरनें देवाचे आभार मानले. आणि मिलर कशाबद्दल तरी देवाचे आभार मानतो हें ऐकून आपणांस आनंद झाला, असा टोला जॉन्सननें दिला. चेस्टरफील्डनें दहा पौंडांपलीकडे कांहीं साहाय्य केलें नव्हतें. ग्रंथ निघण्याच्या सुमारास त्यानें स्तुतीचे लेख लिहिले, तेव्हां जॉन्सननें त्यास पाठविलेलें पत्र प्रसिद्धच आहे. पण आमच्या दृष्टीनें त्या पत्राहून कोशाच्या प्रस्तावनेचें मोल अधिक आहे. भाषा स्थिर करतां येईल अशी आशा आपणही बाळगली होती, पण ती अनुभवानें व बुद्धीनें टिकत नाहीं. शब्द जन्मतात, बदलतात, मरतात, व कोशकार त्यांस थांबवूं शकत नाहीं, असा आशय त्यानें तेथें स्पष्ट कबूल केला. जें मागितलें तें अशक्य होतें, जें दिलें तें हें आहे, असें ग्राहकाच्या तोंडावर सांगण्याचें धैर्य थोड्यांस असतें.

हिशेबाची कथा याहून हृदयस्पर्शी आहे. पुस्तकविक्यांनीं पावत्या पुढें ठेवल्या तेव्हां जॉन्सनला ठरल्यापेक्षां सुमारें शंभर पौंड जास्तच पोंचले आहेत असें निघालें. ते त्यांनीं परत मागितले नाहींत. पुढें बॉसवेलनें मोबदला कमी मिळाल्याची हळहळ व्यक्त केली, तेव्हां जॉन्सननें त्या मंडळीच्या उदारपणाचीच वाखाणणी केली. पण कोश निघून वर्ष होण्यापूर्वीं, मार्च १७५६ मध्यें, ५ पौंड १८ शिलिंगांच्या कर्जासाठीं याच कोशकारास अटक झाली, आणि कादंबरीकार रिचर्डसननें सहा गिन्या पाठविल्या म्हणून तो सुटला. कोणी कोणास फसविलें नव्हतें. तरीही नऊ वर्षांच्या श्रमाचा शेवट हा झाला. कराराच्या दिवशीं जें संदिग्ध राहतें, त्याची किंमत बहुधा दोघांपैकीं दुबळ्याकडून वसूल होते. आपल्याकडे मोल्सवर्थचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश सरकारी चाकरींत झाला. तेथें काम लांबलें तर भार खजिन्यावर पडे, कोशकाराच्या चुलीवर नव्हे.

अनुभवानें जॉन्सन शहाणा झाला काय? १७७७ मध्यें पुस्तकविके पुन्हा आले. इंग्रज कवींच्या ग्रंथांस लहान लहान प्रस्तावना लिहावयाच्या होत्या. त्यानें दोनशें गिन्या मागितल्या, त्या लगेच मान्य झाल्या. अधिक मागितलें असतें तरी मिळालें असतें. प्रस्तावनांचीं पुढें बावन्न कवींचीं चरित्रें झालीं. आणखी शंभर गिन्या मागाहून मिळाल्या. यांवर त्याचें म्हणणें एवढेंच कीं, त्यांनीं कमी दिलें असें नाहीं, आपणच जास्त लिहिलें.

या उत्तरांत थोरवी आहे. पण ज्यास १७६२ पासून सालीना तीनशें पौंडांचें पेन्शन मिळत होतें त्यासच ती परवडली, हेंही विसरतां कामा नये. आम्हांसही एकदां एका प्रकाशकानें जुन्या बखरीच्या आवृत्तीसाठीं 'चार शब्द' लिहून मागितले होते. रक्कम ठरली. आमच्या मनांत चार पानें होतीं. त्याच्या मनांत टीपा, वंशावळ व नामसूची. आठ महिने गेले, आणि मैत्रीही थोडी गेली. दोष आमचाही होता. चार शब्द म्हणजे किती, हें आम्हीं विचारलें नाहीं. कारण विचारणें म्हणजे अविश्वास दाखविणें, अशी आमच्या वर्गाची समजूत आहे. वास्तविक न विचारणें हाच अविश्वास होय; समोरचा मनुष्य खरें उत्तर ऐकून घेईल, एवढाही भरंवसा आपण त्यावर ठेवीत नाहीं.

गफ स्क्वेअरमधील तें घर अद्यापि उभें आहे व लोक तें पाहावयास जातात. माळ्यावर उभें राहिलें म्हणजे बहुतेकांस त्या कोशाची थोरवी आठवत असेल. आम्हांस मात्र १७४९ सालचा जॉन्सन आठवतो: मुदत संपलेली, पैसे बरेचसे उचललेले, भोंवतीं कागदाच्या तुकड्यांचे ढीग, आणि आपणांकडे खरोखर काय मागितलें होतें याचा त्यास नुकताच कोठें उलगडा होऊं लागलेला.