शेवटचा माणूस पोचेपर्यंत

वकिलीच्या धंद्यात पक्षकार ज्या तत्त्वावर सर्वांत अधिक चिडतात, ते संयुक्त दायित्वाचे तत्त्व होय. चौघांनी एका कागदावर सह्या केल्या आणि तिघांनी हात वर केले, तर धनकोने चौथ्याला गाठून सगळी रक्कम मागावी, अशी मुभा १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे ४३ वे कलम देते. चौथ्याने मागाहून इतरांकडून त्यांचा वाटा वसूल करून घ्यावा, अशी सोयही त्याच कलमात आहे; पण आधी भरावे लागते. "यात माझा काय अपराध?" हा प्रश्न अशा माणसाच्या तोंडून मी कितीदा तरी ऐकला आहे. त्याला कायद्याचे उत्तर एवढेच की, सही करतेवेळी आपण एकटे नव्हता.

हेच ओझे माणसे खेळ म्हणून, आपखुशीने, पदरचे पैसे मोडून शिरावर घेतात, असे कोणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता. परंतु समुद्राकाठच्या मुलखात वाढलेल्या एका नव्या खेळाचा इतिहास वाचताना तसे आढळले. या खेळाला साहसशर्यत म्हणतात. डोंगर चढावयाचा, रान तुडवावयाचे, नदी आणि खाडी वल्हवावयाची, सायकल हाकावयाची. आणि हे सगळे ओळीने, कित्येक दिवस, रात्रीची झोप तास-दोन तासांवर आणून. वाट आखून दिलेली नसते. नकाशा आणि होकायंत्र यांच्या आधाराने ती ज्याची त्याने शोधावयाची असते. परंतु या कष्टांहून मला लक्षणीय वाटला तो या खेळाचा एक नियम, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तो नियमच आहे.

या खेळाचे एक मूळ न्यूझीलंडच्या दक्षिण बेटात सापडते. १९८३ साली रॉबिन जडकिन्स या गृहस्थाने तेथे 'कोस्ट टू कोस्ट' ही शर्यत भरविली. पश्चिमेस कुमारा येथे टास्मन समुद्राच्या काठावरून निघावयाचे, सदर्न आल्प्स पर्वत ओलांडावयाचा, वायमाकरीरी नदीतून होडी काढावयाची आणि क्राइस्टचर्चजवळ सम्नर येथे पॅसिफिक महासागर गाठावयाचा, असा तिचा सुमारे २४३ किलोमीटरांचा बेत. पहिल्या वर्षी ७९ जण उतरले. एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडे जाण्याची ही कल्पना लोकांना अशी मानवली की, ती शर्यत आजतागायत चालू आहे. मात्र तीत माणूस एकटा उतरू शकतो. आणि जोडीने उतरला तर दोघांनी टप्पे वाटून घ्यावयाचे असतात. आमच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथवर दायित्व पृथक् होते. ज्याचा टप्पा, त्याच्या माथी.

संयुक्त दायित्व आणले ते जेरार फ्युसिल या फ्रेंच पत्रकाराने. शिडाच्या नौकांच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतींचे वृत्त देता देता त्याला ही कल्पना सुचली, आणि १९८९ साली त्याने न्यूझीलंडातच आपली पहिली शर्यत भरविली. पैसा पुरविणाऱ्या सिगारेटच्या छापावरून तिचे नाव 'रेड गोलवाझ' असे पडले. दमसासाची अशी परीक्षा आणि तिला नाव धुराचे! संघ पाच जणांचा, त्यात किमान एक स्त्री असलीच पाहिजे. पाचही जणांनी प्रत्येक चौकीवर बरोबर पोचले पाहिजे. एकाने पाय मागे घेतला की संघाचे क्रमवारीतील स्थान गेले. म्हणजे संघाची वेळ ही त्यातील सर्वांत मागच्या माणसाची वेळ होय. पुढे ओमान, मादागास्कर, सारावाक अशा मुलखांतून ही शर्यत फिरली. १९९५ साली मार्क बर्नेट याने अमेरिकेतील युटा येथून 'इको-चॅलेंज' ही दुसरी शर्यत सुरू केली, तिनेही मिश्र संघाचा आणि एकत्र राहण्याचा हाच दंडक उचलला.

या एका नियमाने खेळाची सारी नीती पालटली. एरवी बलवानाने पुढे धावत सुटावयाचे; येथे त्याने पुढे जाऊन करावयाचे काय? थांबावयाचे. म्हणून तो मागे वळतो, थकलेल्याच्या पाठीवरची पिशवी आपल्या पाठीवर घेतो, आपल्या कमरेला लवचीक दोर बांधून त्याचे टोक मागच्याच्या हाती देतो आणि चढावर त्याला ओढून नेतो. असा दोर हा या खेळातील नित्याचा सरंजाम आहे. तो हाती धरण्यात कमीपणा मानणारा माणूस संघाला दुबळ्याहून अधिक महाग पडतो. पायाचा फोड लपवून चालणाऱ्याचा अभिमान दुसऱ्या दिवशी सर्वांच्याच मुळावर येतो. आपले उणे वेळेवर बोलून दाखविणे हेही येथे एक कर्तव्यच ठरते.

कोणी म्हणेल, हा अन्याय आहे. एकाने वर्षानुवर्षे शरीर घडवावे आणि दुसऱ्याच्या तापाने त्याची शर्यत बुडावी, हा कोठला न्याय? ही शंका पोकळ नाही. २००० साली बोर्निओ बेटावरील साबा येथे इको-चॅलेंज झाली, तीत ३०४ स्पर्धक होते. घरोघर परतल्यावर पुष्कळांना ताप भरला. वैद्यकीय तपासात १८९ जणांशी संपर्क झाला, त्यांतील ८० जण एकाच दुखण्याच्या लक्षणांत बसले आणि २९ जणांना रुग्णालयात राहावे लागले. मृत्यू मात्र कोणाचा झाला नाही. दुखणे होते लेप्टोस्पायरोसिस, आणि त्याचा माग लागला सेगामा नदीच्या पाण्यात. चिखलात उतरून शेती करणाऱ्या आपल्या कोकण-गोमंतकाला हे नाव नवे नाही. ज्या पाण्यात एक उतरला त्यातच सगळे उतरले होते. पाणी असे सामाईक असल्यावर नियमाने प्रत्येकाला वेगळे केले, म्हणून कोणाचे काय वाचणार होते?

२००२ नंतर ती शर्यत बंद पडली आणि सतरा वर्षांनी, २०१९ साली, फिजी बेटांवर पुन्हा भरली. तीस देशांचे ६६ संघ, ६७१ किलोमीटर अंतर आणि अकरा दिवसांची मुदत. आरंभ झाला तो थामाकाऊ या तेथल्या पारंपरिक नौकेतून. आपल्या किनाऱ्यावरील उलांडीच्या होडीची ती शिडाची बहीण म्हणावी. डेहराडूनच्या ताशी आणि नुंगशी मलिक या एव्हरेस्ट चढलेल्या जुळ्या भगिनींचा संघही तीत होता.

फिजी म्हटले की आपणांस आणखी एक प्रवास आठवावा. १८७९ साली 'लिओनिडास' जहाजाने हिंदी मजुरांची पहिली तुकडी त्या बेटांवर नेली. 'एग्रीमेंट' या शब्दाचे त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. त्या कागदाने प्रत्येकाला एकेकटे मळेवाल्याच्या दावणीला बांधले. परंतु बोटीवर त्यांनी आपसांत एक दुसरा करार केला, सहीशिक्क्यावाचून. एका जहाजातून आलेला तो 'जहाजी भाई', मग त्याची जात कोणती आणि गाव कोणते, हे विचारावयाचे नाही. दोन्ही करारांत माणूस बांधलाच जातो; पण पहिल्याने त्याला एकटे पाडले, दुसऱ्याने त्याला सोबत दिली.

त्याच बेटांवरील २०१९ च्या शर्यतीत मार्क मेसी नावाचे एक अमेरिकन वकील उतरले होते. पूर्वीच्या आठही इको-चॅलेंजमध्ये त्यांनी भाग घेतला होता. २०१८ साली त्यांना अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा विकार असल्याचे निदान झाले, आणि पुढच्याच वर्षी ते आपला मुलगा ट्रॅव्हिस याच्या संघातून निघाले. ट्रॅव्हिस स्वतः नामांकित धावपटू. केवळ विजय हवा असता तर त्याने दुसरे साथीदार निवडले असते. त्याने बाप निवडला, आणि बापाच्या पावलांची गती हीच आपली गती मानली. हा संघ शेवटच्या रेषेपर्यंत पोचला नाही. माझ्या धंद्यातील हा माणूस, ज्याचे आयुष्य नोंदी आणि तपशील ध्यानात ठेवण्यात गेले, त्याच्या वाटेची आठवण ठेवण्याचे काम आता दुसऱ्याने पत्करले होते. संयुक्त दायित्वाचा याहून चांगला दाखला मला कोणत्याही निवाड्यात मिळालेला नाही.

हा नियम फ्युसिलने खेळात आणला, पण समुद्राकाठच्या माणसाला तो पूर्वीपासून ठाऊक आहे. गोव्यातील खाजणशेती पाहावी. खारे पाणी बांधाने अडविलेले, भरती-ओहोटी मानशीने आवरलेली, आणि आत सर्वांची शेते. बांध कोणाच्याही शेतासमोर फुटो, खारे पाणी आत शिरले की ते कोणाचा सातबारा पाहत नाही. म्हणून बांधाची राखण गावकरीने सामाईक मानली. त्या गावकरीचे रिवाज १५२६ साली अफोन्सो मेशियाच्या फोरालात लिहिले गेले. पाळले जात होते ते त्याच्याही आधीपासून. आज कित्येक ठिकाणी हे बांध खचले आहेत, कारण ज्याला त्याला आपल्यासमोरचा तुकडा तेवढा धड दिसतो.

आपल्या देवस्थानांचे महाजन, आपल्या संस्था, आपली कुटुंबे यांच्यापुढेही हाच प्रश्न येतो. जो पुढे गेला त्याने मागे वळून पाहावे की नाही? कायदा त्याला सहीपुरतेच बांधतो. फिजीच्या रानातील तो मुलगा कोणत्याही कलमाने बांधलेला नव्हता.