स्पिटफायरचे वाढलेले नाक

प्लास्टिकच्या किटमधून विमानाचे एकच रूप तयार होते. खरे विमान मात्र वर्षानुवर्षे बदलत असते. इंजिन नवे येते, शेपूट उंच होते, एका बैठकीच्या दोन होतात. किटमध्ये नसलेले रूप हवे असेल, तर प्लास्टिकचा मूळ भाग कापून तिथे रेझिन ओतून घडवलेला नवा भाग बसवावा लागतो. अशा भागांच्या संचाला कन्व्हर्जन सेट म्हणतात.

सहा फुटांना एक इंच, म्हणजे १:७२ हे प्रमाण ब्रिटनमध्ये १९३२च्या सुमारास ‘स्कायबर्ड्स’च्या लाकडी किटांनी रूढ केले. १९३६ मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ ही पहिली प्लास्टिक किटे निघाली; त्यांचे सेल्युलोज अॅसिटेट काळाबरोबर वाकडे होत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन आले आणि पन्नासच्या दशकात ‘एअरफिक्स’ने स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचे स्वस्त किट बाजारात आणले. हे भाग पोलादी साच्यात दाबाने भरून काढतात. साचा फार महाग पडतो, पण एकदा झाला की त्यातून प्रचंड संख्येने नग निघतात. खर्च वसूल व्हावा म्हणून कंपन्या सर्वाधिक खपणारे रूप निवडत, आणि बाकीची रूपे शौकिनांच्या हातावर राहत.

ती किती होती, हे स्पिटफायरवरूनच कळते. त्याच्या मुख्य आवृत्त्याच, म्हणजे ‘मार्क’, वीसहून अधिक आहेत. १९४१ मध्ये जर्मन फॉके-वुल्फ १९० विमानापुढे मार्क ५ कमी पडू लागला, तेव्हा नव्या रचनेची वाट न पाहता मार्क ५च्याच सांगाड्यात मर्लिन ६१ इंजिन बसवण्यात आले. रोल्स-रॉइसच्या हकनॉल येथील केंद्रात अशी अनेक विमाने पालटली गेली. जुलै १९४२ मध्ये हा मार्क ९ लढाईत उतरला. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या दुहेरी टप्प्याच्या सुपरचार्जरमुळे त्याचे नाक सुमारे ९ इंचांनी वाढले, पंख्याची पाती तिनाची चार झाली आणि डाव्या पंखाखालच्या छोट्या ऑइल कूलरच्या जागी उजवीकडच्यासारखाच पूर्ण रेडिएटर आला. मार्क ९ हे स्वतःच एक कन्व्हर्जन होते. १:७२ मध्ये ते ९ इंच म्हणजे जेमतेम ३.२ मिलिमीटर, पण तेवढे चुकले की जाणकाराला विमान ओळखू येत नाही.

साठच्या दशकात किटचे रूप पालटण्याचे काम बाल्सा लाकूड, प्लास्टिकचे पत्रे आणि पुट्टी यांवर चाले. १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘एअरफिक्स मॅगझिन’ने त्याच्या कृती आणि आराखडे छापून एक पिढी घडवली. हे श्रेय मोठे आहे, कारण कापायला न घाबरणारा वाचक या मासिकाने तयार केला. पुढे ऊन केलेला पातळ पत्रा निर्वाताने साच्यावर ओढून घडवलेले भाग मिळू लागले. जर्मनीच्या ‘एअरमॉडेल’ने असे पुष्कळ संच काढले. पण त्यांवरचे बारकावे बोथट असत आणि कडा घासून घ्याव्या लागत.

खरा पालट सिलिकॉन रबराने केला. एक उत्तम मूळ नमुना हाताने घडवायचा, त्यावर रबर ओतून साचा घ्यायचा आणि त्यात दोन द्रव मिसळून केलेले पॉलियुरेथेन रेझिन भरायचे. काही मिनिटांत ते घट्ट होते आणि खिळ्याच्या डोक्याएवढा तपशीलही उतरतो. रबराचा साचा काही डझन ओतकामांत झिजतो, पण तो स्वस्त असतो. त्यामुळे शेदोनशे ग्राहकांसाठीही संच काढणे परवडू लागले आणि हा धंदा छोट्या कार्यशाळांचा झाला. ऐंशीच्या दशकात बेल्जियमच्या ‘फेर्लिंडन’ने रेझिनचे भाग जगभर पोचवले. १९८९ मध्ये साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर चेक लोकांना खासगी व्यवसाय मोकळा झाला आणि ‘आयरेस’, ‘सीएमके’, ‘एदुआर्द’ यांच्यामुळे तो छोटासा देश या कारागिरीचे मोठे केंद्र बनला.

संच बसवण्याची रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकट थर आधी साबणाच्या पाण्याने धुतात. ओतताना तळाशी राहिलेला जाड ठोकळा बारीक दातांच्या करवतीने कापतात. करवतीची जाडीही नाकाची लांबी खाते, म्हणून रेघेच्या थोडे बाहेरून कापून उरलेले पॉलिश पेपरवर उतरवतात. घासकाम पाण्याखाली करणे आणि तोंडावर मास्क लावणे आवश्यक आहे, कारण रेझिनची धूळ फुफ्फुसांना अपायकारक असते. प्लास्टिकचा कापही घाईचा नाही: पॅनेलच्या रेषेवर चिकटपट्टी लावून, पाते हलक्या हाताने पुन्हापुन्हा फिरवतात. किटचा नेहमीचा गोंद पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतो. रेझिनवर त्याचा काही परिणाम होत नाही. इथे सायनोअॅक्रिलेट (सुपरग्लू) किंवा इपॉक्सी लागते. इपॉक्सी हळू सुकते, त्यामुळे नाक मध्यरेषेत आहे की नाही हे वरून आणि समोरून पाहून सरळ करता येते. रेझिन सुकताना किंचित आकसते, म्हणून सांध्याशी पायरी राहते. ती पुट्टीने भरून, घासताना बुजलेल्या रेषा सुईने पुन्हा कोरतात. शेपटाकडे रेझिन बसवले आणि विमानाचे पुढचे चाक नाकाखाली असले, तर नाकात शिसे भरावे लागते.

आता किट-कंपन्या साच्यात बदलते तुकडे ठेवून स्वतःच अनेक रूपे काढतात, त्यामुळे स्पिटफायरसारख्या लोकप्रिय विमानांच्या संचांची मागणी घटली आहे. मूळ नमुनाही बहुधा संगणकावर आखून थ्रीडी प्रिंटरवर काढला जातो, आणि पुष्कळदा प्रिंटरमधून निघालेला तुकडाच विकला जातो. अशा वेळी रबराचा साचा लागतच नाही. ठोकळ्याच्या जागी आधाराच्या बारीक काड्या तोडाव्या लागतात. प्लास्टिकच्या नाकावरचा काप मात्र अजून हातानेच द्यावा लागतो.