मुळशी ते हिंजवडी : पुण्याच्या नगरवृद्धीतील एक अनुत्तरित प्रश्न

कापडगिरणीस कापूस लागतो, पोलादाच्या कारखान्यास खनिज व कोळसा लागतो. सॉफ्टवेअरच्या व्यवसायास मात्र शिक्षित बुद्धी आणि संदेशवहनाची साधने यांपलीकडे फारसे काही लागत नाही, असा समज रूढ आहे. त्यातूनच हा व्यवसाय भूमीपासून अलिप्त असतो, असे अनुमान काढले जाते. पुणे परिसराचा इतिहास ह्या अनुमानास पुष्टी देत नाही. संगणकांस जागा थोडी लागली, हे खरे. परंतु त्यांवर काम करणाऱ्या माणसांस घर, पाणी व रस्ता लागला, आणि ह्या गरजा कोणी भागवावयाच्या याचा निर्णय व्यवसायाच्या स्थापनेबरोबर झाला नाही. पुण्याच्या पश्चिमेकडील वाढीचे मर्म ह्या विलंबात आहे.

हा विलंब सॉफ्टवेअरबरोबर उद्भवला, असे मात्र नव्हे. पुण्यास इ. स. १९५० मध्ये महानगरपालिका मिळाली. चार वर्षांनी, १९५४ मध्ये, पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ ह्या कायद्यान्वये १९६२ मध्ये महामंडळ अस्तित्वात आले. त्याने भूखंड, रस्ते आणि पाणी यांची सिद्धता केली आणि पिंपरी-चिंचवड पट्ट्यात मोठी कारखानदारी रुजली. ह्या पट्ट्यास नगरपालिका मिळाली ती १९७० मध्ये आणि महानगरपालिका १९८२ मध्ये. आधी कारखाना, मग वस्ती आणि सर्वांच्या शेवटी नागरी शासन, असा हा क्रम होता. तथापि हिंदुस्थान अँटिबायॉटिक्ससारख्या कारखान्याने कामगारांसाठी वसाहतही उभारली होती. निवाऱ्याची काही जबाबदारी मालकावर आहे, ही कल्पना त्या काळी सर्वस्वी लोपलेली नव्हती.

संगणकव्यवसायाची पुण्यातील सुरुवात ह्याच औद्योगिक वातावरणात झाली. टाटा समूहाने १९८१ मध्ये संगणकविषयक संशोधनासाठी पुण्यात केंद्र काढले. त्याच वर्षी इन्फोसिस ही कंपनी पुण्यात स्थापन झाली. १९८३ मध्ये तिने आपले ठाणे बंगळूरला हलविले. १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक पुण्यात सुरू झाले आणि १९९१ मध्ये त्याने परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. १९९१ मध्येच केंद्र सरकारच्या सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यान योजनेस संस्थारूप प्राप्त झाले. उपग्रहाद्वारे संदेशवहनाची सोय आणि निर्यातीस करसवलत मिळाल्यामुळे परदेशातील ग्राहकाचे काम येथे बसून करणे व्यवहार्य ठरले. शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये होती, कारखान्यांत घडलेला तंत्रज्ञवर्ग होता, मुंबई जवळ होती. ह्या अनुकूलतेमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस हिंजवडी येथे औद्योगिक विकास महामंडळाने माहिती तंत्रज्ञान उद्यान आखले.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा असे एक साम्य आढळते. हिंजवडी व माण ही गावे मुळशी तालुक्यातील होत. ह्याच मुळशीत १९२१ ते १९२४ ह्या काळात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली. मुंबईस वीज हवी होती. तिच्यासाठी मावळ्यांच्या भातखाचरांवर पाणी आले. भारतीय सॉफ्टवेअर-व्यवसायाच्या उभारणीत अग्रेसर असलेले फकीरचंद कोहली हेही टाटांच्या वीजकंपनीतूनच ह्या क्षेत्रात आले. वीजव्यवस्थेच्या नियंत्रणासाठी संगणक वापरण्याचा त्यांस तेथे अनुभव मिळाला होता. ज्या विजेसाठी मुळशी बुडाली, तिच्या व्यवस्थापनातूनच ह्या नव्या विद्येची एक वाट निघाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

मात्र साम्याबरोबर भेदही ध्यानात घेतला पाहिजे. धरणाने भूमी नाहीशी केली. उद्यानाने भोवतालच्या भूमीचे मोल वाढविले. त्यामुळे संपादनाच्या रेषेस विलक्षण महत्त्व आले. रेषेच्या आत ज्याचे शेत गेले, त्यास ठरलेला मोबदला मिळाला. बांधापलीकडे ज्याचे शेत राहिले, त्यास वाढत्या बाजारभावाचा लाभ झाला. मुळशीचा अन्याय सर्वांस दिसणारा होता; येथील विषमता गावाच्या पोटात राहिली. हा एकच मार्ग उपलब्ध होता, असे नाही. हडपसरनजीक मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र करून कंपनी स्थापिली आणि नगर स्वतः वसविले. तेथे संगणककंपन्या भाडेकरू म्हणून आल्या. परंतु त्यासाठी सलग जमीन, परस्परांवरील विश्वास आणि समर्थ नेतृत्व यांचा मेळ आवश्यक होता. तो सर्वत्र साधणारा नव्हता.

हिंजवडीत दुसरा प्रश्न शासनाचा होता. उद्यानाच्या हद्दीत नियोजनाचा अधिकार महामंडळाकडे होता, आणि महामंडळ लोकनियुक्त नव्हे. उद्यान उभे राहिल्यानंतरही दोन दशकांहून अधिक काळ भोवतालचे गाव ग्रामपंचायतीकडेच राहिले. १९९७ मध्ये वाकड पिंपरी-चिंचवडच्या आणि बाणेर-बालेवाडी पुण्याच्या हद्दीत गेली; हिंजवडी बाहेर राहिली. महानगर प्रदेशासाठी प्राधिकरण स्थापन झाले ते २०१५ मध्ये. दरम्यान २००१ ते २०११ ह्या दशकात पुणे शहराची लोकसंख्या २५.३८ लाखांवरून ३१.२४ लाखांवर, तर पिंपरी-चिंचवडची १०.१२ लाखांवरून १७.२७ लाखांवर गेली. म्हणजे पहिल्याची वाढ सुमारे २३ टक्के, तर दुसऱ्याची सुमारे ७१ टक्के होती. ही सर्व वाढ सॉफ्टवेअरमुळे झाली, असे म्हणता येत नाही. वाहनउद्योग व जुने स्थलांतर यांचाही त्यात वाटा आहे. परंतु ज्या बाजूस वाढ झाली, त्या बाजूस शासनाचे तुकडे अधिक होते.

ह्याचा परिणाम अभियंत्याच्या नित्य जीवनात स्पष्ट दिसतो. तो एका संस्थेच्या हद्दीत राहतो, दुसरीच्या हद्दीतून प्रवास करतो आणि तिसरीच्या हद्दीत काम करतो. कित्येकदा त्याचे मतदान चौथ्याच गावी असते. रस्ता तुंबला तर दाद कोठे मागावी, हे त्यास कळत नाही. गावकऱ्याची स्थिती याहून फारशी निराळी नाही. त्याच्या ग्रामपंचायतीस मत आहे, पण नगराएवढा भार पेलण्याचे साधन नाही. एकास साधन दिसते पण मत नाही, दुसऱ्यास मत आहे पण साधन नाही. ‘बाहेरचे’ आणि ‘स्थानिक’ ह्या वादात ही समान उणीव झाकली जाते.

सारांश, पुण्याच्या ह्या वाढीचा दोष तंत्रज्ञानाच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु ते इतिहासास धरून होणार नाही. १९६१ च्या कायद्याने उद्योगासाठी भूमी मिळविण्याची वाट प्रशस्त केली. उद्योगामागून येणाऱ्या माणसांचे नगर त्याच वेळी स्थापण्याचे बंधन मात्र कोणावर घातले नाही. पिंपरीने त्याची किंमत दिली, आणि चार दशकांनी हिंजवडीने तीच अधिक मोठ्या प्रमाणावर दिली. उद्योगाचा भूखंड आणि नागरिकाचे मत ही दोन्ही एकाच वेळी आखली जात नाहीत, तोवर पुढील हिंजवडी कोठे उद्भवेल एवढाच प्रश्न उरतो.