टचपॅडवरील हस्तलेखन आणि संकेत : एका अर्धवट प्रयोगाचा इतिहास

लॅपटॉप संगणकाच्या कळफलकाखाली जी लहानशी चौकोनी पट्टी असते, तिला टचपॅड म्हणतात. तिच्यावरून बोट फिरविले म्हणजे पडद्यावरील बाण फिरतो. दोन बोटे एकदम ओढली म्हणजे पान वरखाली सरकते. तीन-चार बोटांच्या हालचालींनी खिडक्या उघडतात, मिटतात वा बदलतात. बोटांच्या अशा खुणांना प्रस्तुत लेखात ‘संकेत’ हा शब्द योजिला आहे. आता, ज्या पृष्ठभागाला बोटांच्या इतक्या बारीक हालचाली कळतात त्याला बोटाने काढलेले अक्षर का कळू नये, हा प्रश्न सहजच मनात उभा राहतो. ते कळू शकते, आणि एका लिपीच्या बाबतीत ते कळलेही आहे. परंतु इतर बहुतेक लिप्यांच्या वाट्याला संकेत तेवढे आले, अक्षर आले नाही. हस्ताक्षर ओळखण्याची यंत्राची शक्ती अपुरी पडली, असे याचे कारण सामान्यतः सांगण्यात येते. हे कारण सर्वस्वी खोटे नाही. तथापि घटनांचा क्रम पाहू गेल्यास ते पुरेसे ठरत नाही, असे आमचे मत आहे.

या इतिहासाचा आरंभ संगणकाच्याही आधी न्यावा लागतो. इलायशा ग्रे या अमेरिकन संशोधकाला १८८८ साली ‘टेलॉटोग्राफ’ या यंत्राचे पेटंट मिळाले. तारेच्या एका टोकाला लेखणीने लिहावे आणि दुसऱ्या टोकाच्या लेखणीने ते तसेच उमटवावे, अशी त्याची रचना होती. यंत्राला अक्षराचा अर्थ कळण्याचे येथे कारणच नव्हते. ते हालचाल वाहून नेई, इतकेच. हालचाल वाहून नेणे आणि तिचा अर्थ लावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पुढील साऱ्या विवेचनात हा भेद ध्यानात ठेवावा लागेल. दुसऱ्या गोष्टीचा एक महत्त्वाचा प्रारंभिक प्रयत्न १९५७ साली बेल प्रयोगशाळेतील टी. एल. डायमंड यांनी ‘स्टायलेटर’ या उपकरणाने केला. पाटीवर दोन ठिपके असत आणि त्यांच्याभोवती अंक काढावयाचा असे; ठिपक्यांभोवतीच्या वाहक रेषांपैकी कोणकोणत्या रेषा लेखणीने ओलांडल्या, यावरून यंत्र अंक ओळखी. युक्ती साधी होती, पण तिच्यात एक अट दडलेली होती : लिहिणाऱ्याने आपला हात त्या दोन ठिपक्यांच्या शिस्तीत बसविला पाहिजे.

यापुढचा टप्पा कॅलिफोर्नियातील रँड कॉर्पोरेशन या संस्थेचा. तेथे एम. आर. डेव्हिस आणि टी. ओ. एलिस यांनी १९६४ साली ‘रँड टॅब्लेट’ सिद्ध केला. सुमारे सव्वादहा इंच लांब व तितक्याच रुंद फलकावर दहा लाखांहून अधिक बिंदू लेखणीला वेगवेगळे दाखविता येत. लिहिणारा आडव्या फलकावर लिही आणि उमटलेली रेघ समोरच्या उभ्या पडद्यावर पाही. हात एकीकडे आणि दृष्टी दुसरीकडे, अशी ही व्यवस्था पुढे टचपॅडच्याही वाट्याला आली, म्हणून तिचा मुद्दाम उल्लेख केला. या फलकावर उभारलेल्या ‘ग्रेल’ नावाच्या प्रणालीत हाताने काढलेले अक्षर तर ओळखले जाईच, पण चौकोन काढला की त्याची नीटस आकृती होई, आणि एखाद्या मजकुरावर लेखणीने खरडल्यासारखे केले की तो पुसला जाई. लेखन आणि संकेत हे येथे एकाच हाताचे, एकाच लेखणीचे व्यापार होते. कोठे लिहिणे संपते आणि कोठे हुकूम सुरू होतो हे यंत्र संदर्भाने ठरवी. या दोहोंची फारकत पुढे झाली. मुळात ते एकत्र नांदत होते, ही गोष्ट आज सहसा कोणाच्या लक्षात नसते.

टचपॅडचा वंश मात्र लेखणीचा नव्हे, माउसचा आहे. बोटाच्या सान्निध्याने पृष्ठभागाखालील विद्युत्‌धारकतेत जो फरक पडतो तो मोजून बोटाचे स्थान ठरविण्याची पद्धत जॉर्ज गेर्फाइड यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विकसित केली. अ‍ॅपल कंपनीने मे १९९४ मध्ये ‘पॉवरबुक ५००’ मालिकेत टचपॅड बसविला आणि काही वर्षांतच लॅपटॉपवरील फिरता गोळा मागे पडला. प्रवासात माउस बाळगण्याची अडचण दूर व्हावी, एवढाच या साधनाचा हेतू होता. त्यामुळे त्याने संगणकाशी बोलण्याची भाषाही माउसचीच उचलली : ‘बोट अमुक ठिकाणी आहे’ असे न सांगता ‘बोट अमुक इतके डावीकडे, अमुक इतके वर सरकले’ असे सांगणे. बाण हलविण्यास हे पुरेसे होते. अक्षर काढण्यास ते पुरेसे नव्हते. ‘क’चा दांडा काढून झाल्यावर बोट उचलले आणि डावीकडचे गोलक काढण्यासाठी पुन्हा टेकविले, तर दोन टेकण्यांमधील अंतर माउसच्या भाषेत नाहीसेच होते. अक्षरासाठी बोटाचे निरपेक्ष स्थान कळावे लागते. पट्टीला ते कळत होते, पण बहुधा ती ते सांगत नसे.

येथे सिनॅप्टिक्स या कंपनीची कथा उद्‌बोधक ठरते. मायक्रोप्रोसेसरच्या जनकांपैकी एक असलेले फेदेरिको फाजिन आणि प्राध्यापक कार्व्हर मीड यांनी ती १९८६ साली स्थापिली, ती मेंदूतील चेतापेशींच्या धर्तीवर आकृती ओळखणारी यंत्रे घडविण्यासाठी. व्यवहारात कंपनीला यश मिळाले ते टचपॅडच्या विक्रीत. म्हणजे ज्यांना यंत्राला वाचावयास शिकवावयाचे होते, त्यांनी जगाला बाण हलविण्याची पट्टी पुरविली. मात्र कंपनीच्या पट्टीत माउसच्या भाषेखेरीज निरपेक्ष स्थान व बोटाचा दाब कळविण्याचीही सोय ठेवलेली होती. तिचा उपयोग पुढे झाला. तो कोणत्या लिपीसाठी, हे थोड्या वेळाने सांगू.

तत्पूर्वी संकेतांकडे वळू. अनेक बोटांचा स्पर्श एकाच वेळी ओळखण्याचे प्रयोग टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ साली आणि ली, बक्स्टन व स्मिथ यांनी १९८५ साली केले होते. डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन यांनी जॉन इलायस यांच्या मार्गदर्शनाखाली हाच विषय घेतला आणि दोघांनी १९९८ साली फिंगरवर्क्स ही कंपनी काढली. सततच्या टंकनाने वेस्टरमन यांचे हात दुखावत असत. हाताचे श्रम वाचावेत ही त्यांची प्रेरणा होती. अ‍ॅपलने २००५ साली ही कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी पॉवरबुकवर दोन बोटांनी पान सरकविण्याची सोय आली आणि जानेवारी २००८ च्या ‘मॅकबुक एअर’वर चिमटीने आकार लहानमोठा करणे, बोटांनी चित्र फिरविणे इत्यादी संकेत आले. विंडोज ८.१ बरोबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने संकेत ओळखण्याचे काम पट्टीच्या निर्मात्यांकडून काढून मुख्य प्रणालीकडे घेण्याची व्यवस्था केली, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवर संकेतांची भाषा एकसारखी होऊ लागली.

संकेत इतक्या सहज रुजले याचे कारण ते ‘नैसर्गिक’ आहेत असे सांगितले जाते. हे आम्हांस मान्य नाही. २०११ साली अ‍ॅपलने पान सरकण्याची दिशा एकाएकी उलटी केली आणि तिलाच ‘नैसर्गिक’ म्हटले. कित्येकांचे हात काही दिवस अडखळले आणि मग सवयीचे झाले. खरे कारण वेगळे आहे. संकेताला निरपेक्ष स्थान लागत नाही, हालचाल पुरते. संकेतांची संख्या डझनाच्या आसपास, म्हणून परस्पर घोटाळ्याचा संभव थोडा. आणि मुख्य म्हणजे, संकेताची चूक होत असतानाच डोळ्याला दिसते व हात ती तत्क्षणी सावरतो; पान जास्त सरकले तर बोट मागे येते. अक्षराचे तसे नाही. ते पुरे झाल्यावरच वाचले जाते, आणि चुकीचे वाचले गेले तर मजकुरात चूक म्हणून उरते. १९९३ साली अ‍ॅपलच्या ‘न्यूटन’ या हातात धरावयाच्या यंत्राची ‘डून्सबरी’ या व्यंगचित्रमालिकेने जी थट्टा केली, ती याच दोषावर बोट ठेवून.

त्याच वर्षी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रातील डेव्हिड गोल्डबर्ग व केट रिचर्डसन यांनी उलट्या बाजूने विचार केला. यंत्राने हाताचे वळण शिकण्याऐवजी हातानेच यंत्राला सोपे असे वळण शिकावे. त्यांच्या ‘युनिस्ट्रोक’ वर्णमालेत प्रत्येक अक्षर लेखणी न उचलता एकाच फटकाऱ्यात निघे. अक्षर कोठे संपले हा प्रश्नच मिटल्याने एकावर एक अक्षरे गिरवीत, खाली न पाहता लिहिता येई. लहानशा व न दिसणाऱ्या पट्टीवर लिहिण्यास यापरती अनुरूप लिपी नव्हती. परंतु या कल्पनेचे जवळचे भावंड प्रसिद्धीस आले ते टचपॅडवर नव्हे, तर १९९६ च्या ‘पाम पायलट’वर, ‘ग्राफिटी’ या नावाने. त्यावरून झेरॉक्सने १९९७ साली खटला भरला, पामने २००३ साली ते वळण बदलले, आणि वाद मिटला तो २००६ साली.

मराठी वाचकाला येथे मोडीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मोडीतही हात शक्य तितका न उचलणे हेच सूत्र. शिरोरेघ आधीच आखून घ्यावयाची आणि तिच्या खाली अक्षरे ओढीत जावयाचे. वेगासाठी मोडीने ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सोडून दिला, तसे युनिस्ट्रोकने रोमन अक्षरांची मूळ रूपे सोडली. साम्य येथेच संपते. मोडी वाचणारा माणूस संदर्भाने अर्थ लावी. युनिस्ट्रोक वाचणाऱ्या यंत्राला संदर्भाची गरज भासू नये, हीच तर तिची योजना होती.

आता चिनी लिपीकडे येऊ. सिनॅप्टिक्सच्या पट्टीतील निरपेक्ष स्थानाचा उपयोग झाला तो ‘क्विकस्ट्रोक’ या चिनी लेखनप्रणालीसाठी. नाडा मातिच, जॉन प्लॅट व टोनी वँग यांनी २००२ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. चिनी अक्षरात रेघा पुष्कळ असल्या तरी त्यांचा क्रम शाळेतच पक्का होतो. त्याचा फायदा घेऊन ही प्रणाली अक्षर पुरे होण्याची वाट पाहत नसे; आरंभीच्या काही रेघांवरूनच अक्षर ताडी. सरासरी सहाहून कमी रेघांत अक्षर सापडे आणि अचूकपणा ९७ टक्क्यांच्या वर जाई. कंपनीने ज्या चेताजालांसाठी जन्म घेतला होता, तीच येथे कामी आली. पुढे ऑगस्ट २००९ मध्ये अ‍ॅपलने ‘स्नो लेपर्ड’ या प्रणालीत चिनी अक्षरे बोटाने ट्रॅकपॅडवर लिहिण्याची सोय दिली. ट्रॅकपॅड हे अ‍ॅपलचे टचपॅडसाठीचे नाव. ही सोय सुरू केली की बाण हलणे थांबे, पट्टीची प्रतिकृती पडद्यावर उघडे, आणि संभाव्य अक्षरे शेजारी मांडली जात. पट्टी तेवढ्यापुरती माउसचा वंश सोडून पाटी बनत असे.

आमच्या मूळ प्रश्नाचा निर्णय या ठिकाणी लागतो. अ‍ॅपलच्या याच प्रणालीत २००२ पासून ‘इंकवेल’ नावाची सोय होती आणि ती इंग्रजी, फ्रेंच व जर्मन हस्ताक्षर वाचीत असे. पण ती लेखणीच्या स्वतंत्र फलकासाठी होती. म्हणजे २००९ साली एकाच यंत्रात रोमन हस्ताक्षर ओळखणारी शक्तीही होती आणि बोटाने लिहिण्याची पट्टीही होती. तरी त्या दोहोंची गाठ घालण्यात आली नाही. चिनीच्या बाबतीत मात्र घातली गेली. ओळखण्याच्या अडचणीने हे घडले असते तर उलट घडावयास हवे होते, कारण सव्वीस अक्षरे ओळखणे हजारो अक्षरांपेक्षा सोपे. फरक होता तो कळफलकाच्या भारात. इंग्रजी लिहिणाराला प्रत्येक अक्षरास एक कळ पुरते. त्याचे हस्तलेखन टचपॅडवर कितीही अचूक वाचले गेले तरी टंकनापेक्षा मंदच. चिनी लिहिणाराला मात्र एकतर मँडरिन उच्चार रोमन अक्षरांत मांडता आले पाहिजेत, नाहीतर १९७६ ची त्सांगज्ये किंवा १९८३ ची वूबी यांसारखी अक्षरे फोडून लिहिण्याची पद्धत शिकली पाहिजे. ज्याला प्रमाण उच्चार येत नाही, अथवा अक्षर दिसते पण उच्चार आठवत नाही, त्याला बोट हाच सरळ मार्ग उरतो. तात्पर्य, टचपॅडवर अक्षर टिकले ते जेथे कळफलक महाग पडत होता तेथे.

देवनागरीचे स्थान या दोन टोकांच्या मध्ये आहे, आणि म्हणूनच ते अधिक विचारार्ह आहे. मूळ अक्षरे पन्नासच्या आसपास, जोडाक्षरे शेकडो, पण ती सारी इनस्क्रिप्टसारख्या उच्चारानुसारी कळफलकावर क्रमाने टंकिता येतात. अडचण आहे ती हाताचा क्रम आणि उच्चाराचा क्रम यांच्या विरोधाची. ‘कि’ लिहिताना पुष्कळांचा हात आधी वेलांटीचा दांडा काढतो, उच्चारात मात्र इकार मागाहून येतो. ‘अर्क’ मधील रफार उच्चारात आधी, हाताला शेवटी. शिरोरेघ कोणी प्रत्येक अक्षरावर देतो, कोणी शब्द संपल्यावर एकदम ओढतो. चिनी अक्षराला शाळेने जो एकच क्रम दिला, तो देवनागरीला कधीच मिळाला नाही. त्यामुळे ‘क्विकस्ट्रोक’ची अर्ध्यावर ताडण्याची युक्ती येथे तशीच्या तशी लागू पडत नाही.

एच. पी. कंपनीच्या बंगळूर येथील प्रयोगशाळेने २००६ च्या सुमारास काढलेला संकेत-कळफलक या दृष्टीने फार अर्थपूर्ण वाटतो. फलकावर व्यंजनांची घरे छापलेली असत. ‘क’च्या घरावर लेखणी नुसती टेकविली तर ‘क’. त्याच घरावर वेलांटीची रेघ ओढली तर ‘कि’ वा ‘की’. मात्रेची रेघ ओढली तर ‘के’. व्यंजन स्थानावरून ओळखावयाचे आणि स्वर हालचालीवरून, अशी ही विभागणी होती. ओळखावयाच्या रेघा मोजक्या राहिल्या, आणि वेलांटी आधी की मागून हा तंटाही उरला नाही, कारण व्यंजन घरानेच सांगितलेले असे. रँडच्या फलकावर एकत्र असलेले आणि टचपॅडने वेगळे केलेले अक्षर व संकेत येथे पुन्हा एका घरात आले. आणि ते आले बाराखडीच्या रचनेमुळे. हा फलक बाजारात फार काळ टिकला नाही. छापील घरे लागत असल्याने कोऱ्या टचपॅडवर ही पद्धत उतरविता येत नव्हती. २०१८ साली असूसने टचपॅडच्या जागी छोटा पडदाच बसविलेला लॅपटॉप आणला आणि पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत त्यावर हस्तलेखनाची सोय दिली. अशा पट्टीवर व्यंजनांची घरे छापावी लागत नाहीत, उजळविता येतात.