काँगोचं कूळ

'सांताना फोर' हा अल्बम १५ एप्रिल २०१६ रोजी बाजारात आला आणि सगळीकडे बोलणं झालं ते गिटारचं. साहजिकच होतं. कार्लोस सांतानाचा लांबवत नेलेला आर्त सूर आणि नील शॉनची झपाट्याची बोटं यांची जुगलबंदी ऐकण्यासाठी लोक अर्धं आयुष्य थांबले होते. ऑर्गनवर आणि गायला ग्रेग रोली, ड्रमवर मायकल श्रीव्ह, काँगोवर मायकल काराबेलो. १९७१च्या 'सांताना थ्री'नंतर पंचेचाळीस वर्षांनी ही पाच माणसं एका स्टुडिओ अल्बमवर पुन्हा एकत्र आली होती.

मला ओढ होती ती काराबेलोच्या हातांची.

अल्बममध्ये सोळा गाणी आहेत आणि पहिल्याचं नाव आहे 'याम्बू'. ते नाव वाचलं आणि गाणं लावायच्या आधीच मी थबकलो. याम्बू हा क्यूबातल्या रुंब्याचा जुना, संथ प्रकार. मुळात तो ढोलावर वाजतच नसे, वाजायचा खोक्यांवर. हवाना आणि माताँसासच्या बंदरांत खारवलेला कॉड मासा लाकडी खोक्यांतून उतरायचा. माल उचलला की रिकामी खोकी गोदीतल्या मजुरांची. मोठ्या खोक्यावर माणूस बसायचा आणि दोन पायांच्या मधल्या फळीवर थाप मारायचा, तो खर्ज. मेणबत्त्या ज्यात येत ते छोटं, पातळ फळ्यांचं खोकं गुडघ्यांत धरायचं, त्यातून निघायचा वरचा, चुटचुटीत आवाज. तिसरा कुणीतरी दोन चमचे घेऊन लाकडावर ठेका धरायचा. आफ्रिकी माणसांच्या ढोलांवर त्या काळी सरकारची वाकडी नजर असे. खोक्याला कोण काय म्हणणार? पोलीस आले तर ते पुन्हा माशाचं खोकं.

पन्नास-साठ लाखांचे स्टुडिओ पाहिलेल्या माणसांनी पंचेचाळीस वर्षांनी घरी परतताना दारावर या खोक्यांचं नाव लिहावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. तेव्हापासून काराबेलोच्या त्या काँगो नावाच्या ढोलाच्या मागे लागलो.

आपल्याकडे म्हणतात, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये. या वाद्याच्या बाबतीत कूळ विचारलं तरी उत्तर नदीपाशीच येतं. आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या खोऱ्यातून आणि खाली अंगोलाच्या किनाऱ्यावरून लाखो माणसं जहाजांत कोंबून क्यूबात आणली गेली, उसाच्या मळ्यांत राबायला. क्यूबात गुलामगिरी कायद्यानं संपली ती थेट १८८६ साली. एवढ्या उशिरापर्यंत आफ्रिकेत जन्मलेली माणसं तिथे होती, त्यांच्या कानात तिकडचे ढोल ताजे होते. 'न्गोमा' हा ढोलासाठीचा त्यांचा शब्द होता. 'मकुता' नावाचे उंच, पोट फुगीर असलेले ढोल त्यांनी तिथे पुन्हा घडवले.

पण घडवताना एक गोष्ट बदलली, आणि माझ्या मते आजचा काँगो तिथे जन्मला. आफ्रिकेतला ढोल साधारणपणे एका ओंडक्यातून कोरून काढतात. क्यूबात हाताशी होती पिंपं. अरुंद फळ्या वाफेवर किंवा आचेवर वाकवायच्या, कडेला कड लावून उभ्या करायच्या आणि बाहेरून लोखंडी पट्ट्यांनी आवळायच्या, ही पिंपवाल्यांची कारागिरी. त्याच फळ्यांतून उभा राहिला तो 'तुंबादोरा'. क्यूबातला माणूस आजही याला तुंबादोराच म्हणतो. तीन भावंडं असतात. बारीक आवाजाचा, बोलका तो 'किंतो', मधला 'त्रेस दोस', आणि खर्जाचा 'तुंबा'. आपल्याकडे डावीकडे डग्गा आणि उजवीकडे तबला, तसं. फक्त क्यूबातल्या रुंब्यात बारीक आवाजाचा किंतो नाचणाऱ्याच्या पायांशी बोलतो आणि बाकीचे दोघे घर सांभाळतात.

कातडं तेव्हा खिळ्यांनी ठोकलेलं असायचं. खिळा ठोकला की सूर लावायचा कसा? विस्तवानं. दमट हवेत कातडं सैलावलं की वादक वर्तमानपत्र पेटवून किंवा मेणबत्ती धरून ते शेकायचे, बोटानं टिचकी मारून बघायचे, पुन्हा शेकायचे. हे वाचलं तेव्हा मला क्यूबा दिसलाच नाही. मला गावच्या मिरवणुकीआधीची संध्याकाळ दिसली. हलगीवाले रस्त्याच्या कडेला पाचोळ्याचा जाळ करतात, हलगी ज्वाळेवरून फिरवतात, कानाजवळ नेऊन तर्जनीनं एकदा वाजवतात, मान हलवतात, पुन्हा जाळावर धरतात. आवाज 'टण्ण' लागला की मगच गळ्यात अडकवतात. ती मान हलवण्याची लकब जगभर सारखीच असणार.

रस्त्यावरचं हे वाद्य रंगमंचावर चढलं त्याला एक आंधळा माणूस कारण झाला. आर्सेनियो रोद्रिगेस, जन्म १९११, माताँसास प्रांतातला. लहानपणी जनावराच्या लाथेनं त्याची दृष्टी गेली. तो 'त्रेस' हे गिटारसारखं क्यूबन तंतुवाद्य वाजवायचा. त्याच्या घरात काँगोहून आलेल्या पूर्वजांच्या आठवणी जिवंत होत्या. १९४०च्या सुमाराला त्यानं आपल्या वाद्यवृंदात पियानो आणला, ट्रम्पेट वाढवले आणि त्यांच्या शेजारी तुंबादोरा उभा केला. तोवर सभ्य नाचघरांत या वाद्याला जागा नव्हती, ते कार्निव्हलच्या मिरवणुकीतलं, खालच्या वस्तीतलं समजलं जाई. आर्सेनियोनं ते आत आणलं आणि ते पुन्हा कधी बाहेर गेलं नाही. आज साल्सा म्हणून जे काही जगभर वाजतं त्याचा पाया त्यानं घातला. तो स्वतः ३० डिसेंबर १९७० रोजी लॉस एंजेलिसला वारला, जवळजवळ विसरला गेलेला. त्याच्या तीनच महिने आधी सांतानाचा 'अब्राक्सास' बाजारात आला होता आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला होता. आर्सेनियोच्या कानावर तो पडला असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

मधला दुवा म्हणजे क्यूबन काँगोवादक चानो पोसो. १९४७ साली डिझी गिलेस्पीनं त्याला आपल्या जॅझ वाद्यवृंदात घेतलं आणि त्या वर्षी कार्नेगी हॉलमध्ये उभं केलं. चानोला इंग्रजी येत नव्हतं, डिझीला स्पॅनिश. दोघांत भाषा होती ती तालाची. त्या दोघांची 'मान्तेका' ही रचना जॅझचा रस्ता बदलून गेली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात हार्लेममधल्या एका बारमध्ये चानोला गोळी घातली गेली. उणंपुरं दीड वर्ष त्याला तिथे मिळालं असेल.

पन्नासच्या दशकात खिळ्यांच्या जागी धातूची कडी आणि स्क्रू आले. विस्तव विझला, पाना आला. पतातो वाल्देस, कांदिदो कामेरो यांसारखे वादक आता दोन-दोन, तीन-तीन काँगो वेगवेगळ्या सुरांत लावून एकट्यानं चाल वाजवू लागले. मग १९६२ साली अमेरिकेनं क्यूबाशी व्यापार तोडला आणि तिथून वाद्यं येणं बंद झालं. न्यूयॉर्कमधल्या मार्टिन कोहेन नावाच्या इंजिनियरला स्वतःसाठी साधी बोंगोची जोडी मिळेना, म्हणून त्यानं ती घडवायला घेतली. त्यातून १९६४ साली 'लॅटिन पर्कशन' ही कंपनी उभी राहिली. आता वाद्य क्यूबातून येत नव्हतं तरी गावोगावच्या पोरांच्या हाती लागत होतं.

त्यातलीच पोरं सॅन फ्रान्सिस्कोच्या अॅक्वाटिक पार्कात जमायची. खाडीकाठचं मैदान, पायऱ्या, आणि तिथे तासन् तास चाललेली काँगोंची बैठक. जो येईल तो बसेल. काराबेलो तिथलाच. कार्लोस मेक्सिकोतल्या आउत्लान गावचा, वडील मारियाची वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारे. त्याच्या बँडचं पहिलं नाव 'सांताना ब्लूज बँड' होतं हे ध्यानात घ्यावं. १९६६ साली तो ब्लूजवाला पोरगा होता. ब्लूजच्या त्या गिटारला काँगोनं आपल्या घरात घेतलं, तेव्हा ज्याला आपण लॅटिन रॉक म्हणतो ते झालं. लोक उलटं सांगतात, रॉकमध्ये काँगो 'घातला' म्हणून. त्यांनी एकदा टीटो पुएंतेच्या 'ओये कोमो वा'चं सांतानानं केलेलं रूप ऐकावं आणि कान गिटारवरून काढून खाली, थापेकडे न्यावा.

ती थाप अशी असते. तिला 'तुंबाओ' म्हणतात, आठ आघातांचं आवर्तन. डाव्या हाताचा तळवा टेकतो, मग त्याच हाताची बोटं. उजव्या हाताची करकरीत चापट. पुन्हा डावी बोटं. पुन्हा तळवा, पुन्हा बोटं. आणि शेवटी चौथ्या मात्रेवर उजव्या हाताचे दोन उघडे, घुमणारे आघात. डावा हात सबंध वेळ डोलत असतो, तो ऐकू येतो न येतोसा. ते दोन घुमारे तेवढे बाहेर पडतात आणि समोरचा माणूस कमरेतून हलतो. तबल्याच्या विद्यार्थ्याला हे लगेच कळेल. न वाजलेल्या बोलांवरच वाजलेला बोल उभा असतो.

१६ ऑगस्ट १९६९, वुडस्टॉकचा संगीतमहोत्सव. सांतानाचा एकही अल्बम तोवर बाजारात नव्हता. लाखोंच्या समुदायापुढे 'सोल सॅक्रिफाइस' सुरू होतं. श्रीव्ह अवघा वीस वर्षांचा. टिंबालेस या ढोलजोडीवर निकाराग्वाचा चेपितो अरेआस, काँगोवर काराबेलो. पण त्या रचनेच्या कर्त्यांत काराबेलोचं नाव नाही. तिथे मार्कस मलोन आहे. काराबेलो मध्यंतरी बँडमध्ये नव्हता, तेव्हा काँगो मलोनकडे होता. पहिला अल्बम होण्याच्या सुमारास तो तुरुंगात गेला आणि काराबेलो परतला. जगानं जे ऐकलं ते एकानं रचलं होतं आणि दुसऱ्याच्या हातून वाजलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्या बँडांचं असतं तसंच आहे. यश, पैसा, नशा, तंटे. १९७१च्या अखेरीला काराबेलो बाहेर पडला. थोड्याच दिवसांत रोली आणि शॉनही गेले आणि त्यांनी 'जर्नी' हा बँड उभा केला.

२०१३च्या डिसेंबरात ओकलंडच्या रस्त्यावर एका टीव्ही बातमीदाराला एक बेघर म्हातारा भेटला. आपण सांतानाचे काँगोवादक होतो, असं तो म्हणाला. तो मलोन होता. बातमी दाखवली गेली आणि कार्लोस स्वतः त्याला शोधत त्या वस्तीत गेला, मिठी मारली. शॉनच्या आग्रहावरून जुन्या मंडळींना पुन्हा बोलावण्याचं घाटत होतं ते याच सुमारास. मी तारखा जुळवत बसलो तेव्हा या दोन गोष्टी एकमेकींशेजारी आल्या आणि मग मला त्या वेगळ्या काढता आल्या नाहीत.

आपल्या बाजूनंही या कुळाला एक सोयरीक आहे. सांतानाच्या पहिल्या अल्बममधलं 'जिंगो' हे नायजेरियाच्या बाबातुंदे ओलातुंजीचं, त्याच्या १९६०च्या 'ड्रम्स ऑफ पॅशन'मधून घेतलेलं. तोच ओलातुंजी १९९१ साली 'प्लॅनेट ड्रम' या अल्बमवर आपल्या माहीमच्या उस्ताद झाकीर हुसेन यांच्या शेजारी बसला होता, आणि घटम् घेऊन विक्कू विनायकराम होते. पुढे झाकीरभाईंनी पोर्तो रिकोच्या जोव्हान्नी हिदाल्गो या काँगोवादकाबरोबर 'ग्लोबल ड्रम प्रोजेक्ट' केला. तबला आणि काँगो, दोन्ही बोटांनी बोलणारे.

आणि नाव. इंग्रजीत याला 'कोंगा' म्हणतात. क्यूबातल्या कार्निव्हलच्या नाचाचं ते नाव, तीसच्या दशकाअखेरी अमेरिकेत तो नाच फोफावला आणि नाव वाद्याला चिकटलं. त्या शब्दाच्या पोटात काँगोच होता, पण लोकांच्या ध्यानातून तो गेला. आपल्याकडे मात्र ऑर्केस्ट्रातला, गणपतीच्या मांडवातला वादक पहिल्यापासून म्हणतो, 'बोंगो-काँगो'. मुंबईच्या सिनेमासंगीतात गोव्याच्या वादकांनी लॅटिन ठेके रुजवले, सी. रामचंद्रांच्या १९५१च्या 'अलबेला'त ते घरोघर पोचले, आणि वाद्यांची नावं आपल्या जिभेला येतील तशी बसली. कुणी ठरवून केलं नाही, तरी जगाच्या पाठीवर आपण या ढोलाला त्याच्या नदीच्या नावानं हाक मारतो. दादरच्या एखाद्या वाद्यांच्या दुकानात पोरगा विचारतो, "काका, काँगो दाखवा ना," तेव्हा तो त्याला माहेरच्या नावानं बोलावत असतो.

'सांताना फोर'वर सगळे नाहीत. बासवादक डेव्हिड ब्राउन २०००मध्येच गेला. चेपितो नाही, टिंबालेसवर कार्ल पेराझो आहे. पहिलं गाणं 'याम्बू', हे सांगितलंच. सोळाव्याचं, शेवटच्याचं नाव 'फर्गिव्हनेस', म्हणजे क्षमा. मी अल्बम लावतो तेव्हा दोन्ही गिटारी आपोआप मागे जातात आणि काराबेलोचा डावा हात ऐकायचा प्रयत्न करतो, तळवा, बोटं, तळवा, बोटं. तो नीट ऐकू येत नाही. चौथ्या मात्रेवर ते दोन घुमारे येतात.